जुन्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांपासून ‘स्टार ट्रेक ऑनलाइन’पर्यंत : काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’मधील कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांना पाहिलेली मंडळी असोत किंवा आता कॉलेजात असलेली त्यांची मुले, दोघांकडूनही एकच तक्रार वारंवार ऐकू येते. ‘स्टार ट्रेक ऑनलाइन’ हा इंटरनेटवरून अनेकांनी मिळून खेळायचा अवकाशखेळ मोठ्या हौसेने डाउनलोड केला, जहाजही मिळाले, पण आठवडाभरात काही कळेनासे झाले आणि नाद सोडून दिला. थोडी विचारपूस केली की असे लक्षात येते की बहुतेकांनी शेवटी करायची गोष्ट आधी केलेली असते. कथेची पार्श्वभूमी ठाऊक नसताना मोहिमा सुरू केल्या जातात, हाती लागेल ते शस्त्र जहाजावर चढवले जाते, आणि मग जहाज हरू लागले की खिशातून पैसे काढून नवे जहाज घेतले जाते, जे तितक्याच सहजपणे हरते. हा खेळ चित्रपट आणि मालिकांची कथा पुढे नेणारा आहे. त्यामुळे आधी मोजके पाहणे, मग कथा खेळणे, मग जहाज नीट बसवणे आणि पैशांचा विचार सर्वांत शेवटी करणे, हा क्रम पाळला तर एक रुपयाही खर्च न करता कित्येक महिने उत्तम जातात. पुढील मांडणी संगणकावर खेळणाऱ्यांना धरून केली आहे.

## पहिला टप्पा : खेळाआधी काय पाहावे

चित्रपटगृहांत आलेले सगळे तेरा चित्रपट आणि झाडून साऱ्या मालिका पाहून मगच खेळाकडे वळायचे, असा निश्चय अनेकजण करतात आणि तो तिसऱ्या आठवड्यात मोडतो. तेवढ्याची गरज नाही. खेळाची मुख्य कथा २४०९ या वर्षापासून सुरू होते आणि तिची मुळे काही ठरावीक चित्रपटांत व भागांत आहेत. तेवढीच नेमकी पाहावीत.

१. खानपासून, म्हणजे कर्कच्या जुन्या शत्रूपासून, सुरुवात करावी. मूळ मालिकेतील ‘स्पेस सीड’ हा १९६७ सालचा भाग आधी पाहावा आणि त्यानंतर ‘द रॅथ ऑफ खान’ (१९८२) हा चित्रपट लावावा. हा भाग न पाहता चित्रपट लावणाऱ्यांना खानचा कर्कवरील राग अधांतरी वाटतो, आणि मग सगळा चित्रपट नुसता धूमधडाका वाटू लागतो. त्यानंतरचे ‘द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४) आणि ‘द व्हॉयेज होम’ (१९८६) ही त्याच कथेची पुढची दोन पाने आहेत, म्हणून हे तीन चित्रपट सलग, मध्ये दुसरे काही न घेता पाहावेत.

२. पाचवा चित्रपट तूर्त बाजूला ठेवून सहाव्याकडे यावे. ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ (१९९१) मध्ये लढवय्या क्लिंगॉनांचे साम्राज्य आणि फेडरेशन (पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ, म्हणजे कर्कची बाजू) यांच्यात खितोमर येथे समेटाची वाट कशी निघाली ते दिसते. खेळ सुरू होतो तेव्हा हाच समेट मोडून दोन्ही बाजू पुन्हा लढत असतात. चित्रपट पाहिलेला नसेल तर हे युद्ध म्हणजे नेहमीचीच मारामारी वाटते आणि पुढे त्याच क्लिंगॉनांशी हातमिळवणी होते तेव्हा तिचे वजन जाणवत नाही.

३. बोर्गसाठी, म्हणजे इतरांना जबरदस्तीने आपल्यात सामावून घेणाऱ्या अर्धयंत्र शत्रूसाठी, दोन भाग आणि एक चित्रपट. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ हा दोन भागांचा १९९० सालचा प्रसंग आणि त्यानंतर ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ (१९९६). याच मालिकेतील ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ हा भागही सवडीने पाहावा, कारण खेळात भेटणाऱ्या सेला या रोम्युलन (फेडरेशनची जुनी शत्रू जमात) स्त्रीची जन्मकथा तिथून सुरू होते आणि दोन्हीकडे डेनिस क्रॉस्बी हीच अभिनेत्री आहे.

४. शेवटी ‘नेमेसिस’ (२००२) आणि लगेच २००९ सालचा ‘स्टार ट्रेक’. रोम्युलन राजवट आतून कशी पोखरली गेली हे पहिल्यात दिसते. दुसऱ्यात वृद्ध स्पॉक सांगतो की एका ताऱ्याच्या स्फोटात रोम्युलस ग्रहच नष्ट झाला. हा स्फोट २३८७ सालचा आहे. त्या चित्रपटाची उरलेली कथा वेगळ्या कालप्रवाहात निघून जाते. खेळ मात्र जुन्याच कालप्रवाहात थांबून, ग्रह गमावलेल्या रोम्युलनांचे बावीस वर्षांनंतर काय झाले ते दाखवतो. संपूर्ण खेळाची नाळ या एका निवेदनात आहे, म्हणून तेवढा प्रसंग लक्षपूर्वक पाहावा.

पहिल्याच चित्रपटाबद्दल, म्हणजे ‘द मोशन पिक्चर’ (१९७९) बद्दल, आपल्याकडे विशेष कुतूहल असते, कारण मुंबईची आणि १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा त्यात डोके तासून आयलियाच्या भूमिकेत आहे. तो अवश्य पाहावा, पण सुरुवातीला नव्हे. त्याची गती संथ आहे, आणि नव्या प्रेक्षकाला त्यापासून सुरुवात करायला लावणे म्हणजे त्याला मालिकेपासून कायमचे तोडणे होय. पाहताना २०२२ मध्ये नव्याने सुधारलेली दिग्दर्शकीय आवृत्ती निवडावी; दृश्यपरिणाम आणि संकलन दोन्ही तिच्यात सरस आहेत.

इशारा : ओटीटीवरील हक्क सतत इकडून तिकडे जात असतात, त्यामुळे एका महिन्यात दिसलेला चित्रपट पुढच्या महिन्यात गायब होऊ शकतो. संच विकत घेणाऱ्यांनी विभाग-संकेत तपासावा : भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. परदेशातील नातेवाइकांकडून मागवलेली अमेरिकन ब्लू-रे डिस्क विभाग ए ची असेल आणि इथल्या प्लेअरवर चालली नाही, तर त्यात डिस्कचा दोष नसतो. फोर-के डिस्कला विभागाचे बंधन नसते.

तपासणी : पुढील टप्प्याकडे जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. खितोमर करार कोणाकोणात झाला? बोर्गांनी ‘नेक्स्ट जनरेशन’चा कप्तान पिकार्ड याचे काय केले? रोम्युलसचे काय झाले? उत्तरे येत असतील तर मालिकांचा उरलेला डोंगर चढत बसू नये. मोहिमेत एखादा अनोळखी शत्रू भेटला की तेवढ्यापुरता संबंधित भाग पाहावा. खेळात आयकोनियन येऊ लागले की ‘कंटेजन’ (१९८९), अनडाइन आले की ‘व्हॉयेजर’ मालिकेतील ‘स्कॉर्पियन’ (१९९७), आणि ग्रह गिळणारे प्रलययंत्र समोर आले की मूळ मालिकेतील ‘द डूम्सडे मशीन’ (१९६७). ही पद्धत सर्वांत आनंदाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

## दुसरा टप्पा : खाते आणि जोडणी

२ फेब्रुवारी २०१० रोजी सुरू झालेला हा खेळ जानेवारी २०१२ पासून मोफत आहे. तो जुना असल्याने साधारण लॅपटॉपवरही चालतो. तरीही डाउनलोड मोठे असते. मोबाइल डेटावर ते सुरू करू नये.

१. खेळ कुठून घ्यायचा ते आधीच ठरवावे आणि पुढेही त्याच खात्यावर राहावे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवरचे पात्र संगणकावर आणता येत नाही. दोन ठिकाणी दोन खाती काढून मग कुठे काय मिळवले याचा हिशेब करत बसणे ही नेहमीची डोकेदुखी आहे.

२. पासवर्ड वेगळा ठेवावा आणि ई-मेलवर दुहेरी पडताळणी चालू करावी. खेळातील गप्पांच्या चौकटीत फुकट झेन (खेळातील विकतचे चलन) देऊ करणारे दुवे येतात. ते उघडू नयेत.

३. सगळे खेळाडू एकाच सर्व्हरवर असतात, त्यामुळे भारताजवळचा सर्व्हर शोधण्यात वेळ घालवू नये. प्रतिसादाला जो किंचित विलंब होतो तो आकाशातील लढाईत फारसा आड येत नाही, जमिनीवरील चकमकीत मात्र जाणवतो. वाय-फायऐवजी केबल वापरली तर फरक पडतो. देखभालीसाठी सर्व्हर अमेरिकेतील सकाळी बंद होतो, म्हणजे नेमकी आपली संध्याकाळ. त्या दिवशी इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी खेळाचे अधिकृत निवेदन पाहावे.

खेळ मराठीत किंवा हिंदीत उपलब्ध नाही. संवाद इंग्रजीत आहेत आणि मजकूर भरपूर आहे, म्हणून सेटिंगमध्ये अक्षरांचा आणि चौकटींचा आकार पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावा. चाळिशी लागलेल्यांनी तर नक्कीच.

## तिसरा टप्पा : कप्तान घडवताना

येथे घेतलेले दोन निर्णय नंतर बदलता येत नाहीत : पक्ष आणि शाखा. बाकी चेहरा, गणवेश, नाव या गोष्टी पुढे बदलता येतात. नवखे खेळाडू मात्र अर्धा तास भुवयांवर घालवतात आणि पक्ष डोळे झाकून निवडतात.

पक्ष. जुन्या चित्रपटांवरील प्रेमापोटी आलेल्यांनी तेविसाव्या शतकातील स्टारफ्लीटचा, म्हणजे फेडरेशनच्या अवकाशदलाचा, पर्याय घ्यावा. २०१६ मध्ये जोडलेल्या या सुरुवातीत मूळ मालिकेसारखेच रंगीत गणवेश, चौकोनी बटणांचे फलक आणि त्या काळची जहाजे मिळतात, वॉल्टर कोनिग यांच्या आवाजातला चेकॉव्ह भेटतो, आणि मग कथानायकाला कालप्रवास घडवून पंचविसाव्या शतकात आणले जाते. ‘नेक्स्ट जनरेशन’ पाहून आलेल्यांना २४०९ मधील नेहमीची फेडरेशन सुरुवात सोयीची पडते. रोम्युलन सुरुवातीची कथा लेखनाच्या दृष्टीने मला सर्वांत चांगली वाटते. पण त्यात काही काळाने फेडरेशन किंवा क्लिंगॉन यांपैकी एक मित्रपक्ष निवडावा लागतो आणि ती निवड कायमची असते. कोणी मित्र सोबत खेळणार असेल तर त्याला विचारूनच ती करावी.

इशारा : जेम’हदार या परग्रहवासी सैनिक जमातीचे पात्र दिसायला आकर्षक आहे, पण ते थेट ६० व्या पातळीवर सुरू होते. पहिले पात्र म्हणून ते घेणाऱ्याला एकदम सगळी यंत्रणा समोर येते आणि काहीच उमगत नाही. ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे.

शाखा. टॅक्टिकल (लढाई), इंजिनिअरिंग (यंत्रणा व दुरुस्ती) आणि सायन्स (विज्ञान) अशा तीन शाखा आहेत. शाखेमुळे जहाजाची निवड बांधली जाते, हा समज चुकीचा आहे; टॅक्टिकल कप्तान विज्ञान-जहाज चालवू शकतो आणि उलटही. शाखेने ठरतात त्या फक्त कप्तानाच्या स्वतःच्या क्षमता. ज्याला फारसा विचार न करता कथा खेळायची आहे त्याने टॅक्टिकल घ्यावी. जमिनीवरील मोहिमांत वारंवार मरण्याचा कंटाळा येणाऱ्याने इंजिनिअरिंग घ्यावी.

## चौथा टप्पा : कथामोहिमांचा क्रम

शिकवणीचा भाग संपताच पडद्यावर एकामागून एक सूचना उगवू लागतात : अमुक उत्सव सुरू आहे, तमुक सामूहिक मोहिमेत सामील व्हा, दुकानात सवलत आहे. या सगळ्यांकडे तूर्त पाठ फिरवावी.

१. मोहिमांची वही उघडावी आणि त्यात दिलेल्या कथामालिका वरपासून खाली त्याच क्रमाने घ्याव्यात. पातळी कथेपेक्षा वेगाने वाढते. पातळी पुढे गेली म्हणून मागच्या मोहिमा वगळू नयेत. शत्रू आपल्या पातळीप्रमाणे घडवले जातात, त्यामुळे जुनी मोहीम पोरखेळ होत नाही आणि बक्षीसही आपल्या पातळीचे मिळते.

२. प्रत्येक मोहिमेअखेर अनेक वस्तूंतून एक निवडायची असते. पहिली दिसेल ती न घेता, आपण पुढील टप्प्यात जो ऊर्जाप्रकार ठरवणार आहोत त्याला जुळणारी घ्यावी. चुकली तरी मोहीम पुन्हा खेळून दुसरी वस्तू मिळवता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

३. १०, २०, ३० आणि ४० या पातळ्यांवर पदोन्नतीबरोबर नवे जहाज मोफत मिळते. ते प्रत्येक वेळी घ्यावे. जुन्या जहाजावरची शस्त्रे आणि उपकरणे आपोआप येत नाहीत. ती हाताने हलवावी लागतात. नवे जहाज कमकुवत आहे अशी ओरड करणाऱ्यांचे जहाज पाहिले तर शस्त्रांचे अर्धे खण रिकामे असतात.

जाता जाता एक बारीक सूचना. मूळ मालिकेतील ट्रिबल या गुबगुबीत प्राण्याची आठवण म्हणून खेळातील ट्रिबल सामानात ठेवायचा मोह होतो. सामानात खाद्यपदार्थ असतील तर तो ते खातो आणि त्याची संख्या वाढते, अगदी १९६७ च्या त्या भागात वाढते तशीच. खाणे आणि ट्रिबल एका पिशवीत ठेवू नयेत.

तपासणी : २० व्या पातळीपर्यंत येऊनही आपण कोणाशी आणि कशासाठी लढत आहोत हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर संवाद न वाचता ‘पुढे’ दाबण्याचा वेग कमी करावा.

## पाचवा टप्पा : जहाज बसवणे

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे सवड काढून थांबावे. एखाद्या अवकाशतळावर उभे राहून, लढाई चालू नसताना, पुढील कामे याच क्रमाने करावीत.

१. एकच ऊर्जाप्रकार ठरवावा. फेझर, डिसरप्टर, प्लाझ्मा, पोलॅरॉन, टेट्रिऑन आणि अँटिप्रोटॉन हे मुख्य प्रकार. नवखा खेळाडू प्रत्येक खणात हाती आलेले सर्वांत नवे शस्त्र बसवतो आणि जहाजातून सहा रंगांचे किरण निघू लागतात. दिसायला ते दिवाळीसारखे दिसते, पण मारा दुबळा पडतो. कारण असे की टॅक्टिकल खणांत बसणारी कन्सोले (जोड-उपकरणे) ठरावीक प्रकाराचीच शक्ती वाढवतात. फेझर रिले हे कन्सोल फेझरला बळ देते, शेजारच्या डिसरप्टरला त्याचा काही उपयोग नाही. फेडरेशनच्या खेळाडूला फेझर सहज मिळत जातात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि सगळी टॅक्टिकल कन्सोले फेझरचीच ठेवावीत.

२. शस्त्राचा कोन आणि जहाजाचे वळण जुळवावे. बीम अ‍ॅरे हे शस्त्र २५० अंशांच्या कोनात मारा करते. ते पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंच्या खणांत बसवले तर जहाजाच्या डाव्या व उजव्या कुशीला सुमारे ७० अंशांचा एक पट्टा असा तयार होतो, जिथे पुढची आणि मागची सगळी शस्त्रे एकाच वेळी लागू पडतात. म्हणून संथ वळणाऱ्या क्रूझरने शत्रूकडे तोंड न करता कूस करून त्याच्याभोवती फिरावे. याउलट ड्युअल हेवी कॅनन फक्त समोरच्या ४५ अंशांत मारा करतात; ते चपळ एस्कॉर्टला शोभतात, अवजड क्रूझरला नव्हे. पुढे कॅनन आणि मागे बीम अशी खिचडी केली की कसेही वळवले तरी अर्धी शस्त्रे गप्प राहतात. कॅननवाल्याने मागे टरेट लावावेत, कारण ते ३६० अंश फिरतात.

३. टॉर्पेडो एकच ठेवावा. शत्रूचे शील्ड (जहाजाभोवतीचे ऊर्जाकवच) शाबूत असताना टॉर्पेडोचा मारा जेमतेम चतुर्थांश उरतो. त्याचे काम शील्ड पडल्यावर उघड्या सांगाड्यावर आघात करण्याचे. दोन-तीन लाँचर बसवल्याने ते एकमेकांना थांबवून ठेवतात आणि ऊर्जाशस्त्रांच्या जागा मात्र वाया जातात.

४. ब्रिज ऑफिसरांच्या (कप्तानाच्या हाताखालील अधिकाऱ्यांच्या) क्षमता शस्त्रांशी ताडून पाहाव्यात. जहाजावर सगळे बीम असताना ऑफिसरकडे ‘कॅनन : स्कॅटर व्हॉली’ ही क्षमता असेल, तर ते बटण दाबून काहीही होत नाही, आणि अशी जहाजे मी वरच्या पातळ्यांवरही पाहिली आहेत. बीमवाल्याने ‘बीम : फायर अ‍ॅट विल’ घ्यावी. टॉर्पेडोसाठी ‘स्प्रेड’ किंवा ‘हाय यील्ड’ यांपैकी एक पुरते. दुरुस्तीसाठी सायन्स ऑफिसरकडे ‘हॅझर्ड एमिटर्स’ असलेच पाहिजे; ते सांगाडा हळूहळू भरून काढते आणि जहाजाला चिकटलेली प्लाझ्माची आग विझवते. इंजिनिअरकडे ‘इमर्जन्सी पॉवर’च्या क्षमता द्याव्यात. ऑफिसर आपल्या खुर्चीवर बसवलेला आहे की नुसताच यादीत आहे, हेही पाहावे. खुर्ची रिकामी असेल तर त्याच्या क्षमता पडद्यावर येतच नाहीत.

५. ऊर्जेची वाटणी करावी. शस्त्रे, शील्ड, इंजिन आणि सहायक यंत्रणा अशा चार ठिकाणी एकूण २०० एकके वाटायची असतात. कोणत्याही एका ठिकाणी १०० पेक्षा जास्त किंवा १५ पेक्षा कमी ठेवता येत नाहीत. खेळ सुरू होताना ही वाटणी समसमान असते आणि अनेकजण ती कधीच बदलत नाहीत. शस्त्रांना १०० द्यावीत, उरलेल्या १०० ची वाटणी जहाज पाहून करावी. विज्ञान-जहाज चालवणाऱ्याने सहायक यंत्रणेकडे अधिक वळवावे.

६. शस्त्रे आपोआप चालू करावीत. शस्त्राच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले की ते संधी मिळताच स्वतःहून मारा करत राहते. ही एक गोष्ट केली की बोटे क्षमतांची बटणे दाबायला मोकळी होतात.

इशारा : ६५ व्या पातळीपूर्वी कोणतेही शस्त्र किंवा उपकरण वरच्या दर्जाचे करण्यासाठी डायलिथियम (खेळात कमावता येणारे एक चलन) खर्च करू नये. काही तासांत त्याहून चांगले मोहिमेतून मिळते आणि केलेला खर्च पाण्यात जातो. फेझरवाल्यांनी पुढे ‘सनराइज’ या मोहिमेपर्यंत वाट पाहावी; तिच्यातून मिळणारा ‘क्वांटम फेझ’ हा फेझर शस्त्रांचा संच नव्या खेळाडूला दीर्घकाळ पुरतो आणि मोहीम पुन्हा खेळून तो पूर्ण करता येतो.

## सहावा टप्पा : लढाईतील शिस्त

फुल इम्पल्सने, म्हणजे पूर्ण वेगाने, शत्रूच्या गर्दीत घुसणे ही नवख्याची ओळख. त्या वेगासाठी शस्त्रांची आणि शील्डची ऊर्जा इंजिनाकडे वळवलेली असते, म्हणजे जहाज अगदी दुबळे असताना आपण ते शत्रूच्या दारात उभे करतो. शत्रूच्या पल्ल्याच्या बरेच आधी वेग उतरवावा, ऊर्जा भरू द्यावी आणि मगच पुढे सरकावे.

शील्ड चार बाजूंना स्वतंत्र असते. एक बाजू लाल झाली की जहाज वळवून दुसरी बाजू शत्रूकडे करावी. बीमवाल्याला हे फार सोपे जाते, कारण त्याला डावी आणि उजवी दोन्ही कुशी सारख्याच. दुरुस्तीची बटणे सांगाडा निम्म्यावर आला की दाबावीत. अगदी शेवटच्या क्षणी दाबलेले ‘हॅझर्ड एमिटर्स’ हळूहळू काम करते आणि तेवढा वेळ उरलेला नसतो.

## सातवा टप्पा : पातळी ६५ नंतर

येथे खेळाचा स्वभाव बदलतो. कथा चालू राहते, पण रोज थोडे थोडे करण्याच्या गोष्टी सुरू होतात. रेप्युटेशन, म्हणजे निरनिराळ्या गटांतील आपली पत, वाढवण्याच्या रोजच्या योजना लावून ठेवाव्यात. डायलिथियमचे कच्चे धातुक रोज शुद्ध करावे, कारण एका पात्राला दिवसाला ८,००० एककेच शुद्ध करता येतात आणि चुकलेला दिवस भरून निघत नाही.

उत्सव मात्र आता सोडू नयेत. वर्धापनदिन, हिवाळी उत्सव, रायसा ग्रहावरील उन्हाळी उत्सव अशा निमित्तांनी रोज एक छोटे काम ठरावीक दिवस केले की बक्षीस मिळते, आणि काही उत्सवांत ते सर्वांत वरच्या श्रेणीचे जहाज असते. मोफत खेळाडूला चांगले जहाज मिळवण्याचा हा राजमार्ग. उत्सवाच्या चौकटीत राहिलेले दिवस पैसे भरून संपवण्याचे बटणही असते. घाईत त्यावर बोट पडू देऊ नये.

सामूहिक मोहिमांत आधी नॉर्मल दर्जा घ्यावा. ‘इन्फेक्टेड : द कॉन्ड्युट’ ही बोर्गविरुद्धची जुनी मोहीम शिकण्यास उत्तम आहे, पण तिच्यात एक संकेत पाळला जातो जो कोणी सांगत नाही. शत्रूच्या तळावरील ट्रान्सफॉर्मरभोवतीचे चार जनरेटर एकेक करून फोडायचे नसतात. चारही जनरेटर सुमारे १० टक्क्यांपर्यंत उतरवायचे, तिथे थांबायचे, आणि मग सगळे जवळजवळ एकदम फोडायचे. एखादा आधी फुटला की बोर्गांची दुरुस्ती-जहाजे निघतात आणि ट्रान्सफॉर्मरला पुन्हा सावरू लागतात. नवखा खेळाडू उत्साहाने पहिला जनरेटर उडवतो आणि बाकीचे चौघे त्याच्यावर का उखडले ते त्याला कळत नाही.

तपासणी : नॉर्मल दर्जाच्या मोहिमेत जहाज एकदाही न गमावता बाहेर पडता येऊ लागले की अ‍ॅडव्हान्स्ड दर्जाचा विचार करावा, त्याआधी नाही.

## आठवा टप्पा : पैसे

झेन हे खेळातील विकतचे चलन असून १०० झेनचा भाव १ डॉलर आहे. दुकानातील सर्वांत वरच्या श्रेणीचे साधे जहाज ३,००० झेनच्या घरात जाते, म्हणजे एका जहाजाला ३० डॉलर. विनिमय दर आणि कार्डावरील शुल्क धरून रुपयांत किती होतात ते आधी काढावे, मग एंटरप्राइजच्या त्या सुंदर रेषांकडे पाहावे.

१. डायलिथियम देऊन झेन घेण्याची सोय खेळातच आहे. त्याचा दर एका झेनला जास्तीत जास्त ५०० डायलिथियम असू शकतो आणि तो बहुधा तिथेच टेकलेला असतो. अशा वेळी मागणी नोंदवून रांगेत थांबावे लागते. म्हणून हव्या त्या वस्तूसाठी लागणाऱ्या झेनची मागणी आज-उद्यासाठी न ठेवता बरीच आधी नोंदवावी.

२. पहिल्यांदा पैसे घालायचेच असतील तर जहाजावर घालू नयेत. मोफत खात्यावर एनर्जी क्रेडिटच्या (खेळातील रोजच्या व्यवहाराच्या चलनाच्या) साठ्याला १ कोटीची मर्यादा असते. ती उठवणे आणि सामानाची जागा वाढवणे हे सगळ्या पुढच्या खेळाला उपयोगी पडते.

३. लॉकबॉक्स, म्हणजे कुलूपबंद बक्षीसपेटी, हे निव्वळ नशीब आहे. पेट्या लढाईत फुकट मिळतात, किल्ल्या विकत घ्याव्या लागतात, आणि जाहिरातीत झळकणारे जहाज त्यातून निघण्याची शक्यता फारच कमी असते. पेट्या जमू द्याव्यात किंवा टाकून द्याव्यात. किल्ली मिळालीच तर ती न वापरता खेळातील बाजारात विकून एनर्जी क्रेडिट घेणे अधिक शहाणपणाचे.

इशारा : घरातील मुले खेळत असतील तर पालकांनी आपले कार्ड त्या खात्याशी जोडून ठेवू नये. ठरावीक रकमेपुरतेच वॉलेट भरून द्यावे, आणि ते संपले की पुढचा महिना उजाडेपर्यंत नव्याने भरू नये, मग उत्सव कितीही मोठा असो.